चव घेणं म्हणजे पिणं नव्हे

४ मार्च, मंगळवार

वजन ९४.२. सकाळी एक अंडं, दोन पाव. दुपारी भात, डाळ, काकडी. संध्याकाळी बिस्किटं, किती ते मोजलं नाही.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी बजावलंय की वजन उतरवा, आणि रोज काय खाता ते एका वहीत लिहीत जा. खाल्लेलं दोन ओळींत संपतं. उरलेलं पान कोरं सोडणं माझ्या जिवावर येतं, म्हणून खाली मी राग लिहिणार आहे. त्याचा माझ्याकडे तुटवडा नाही.

आजचा राग साहेबांवर. पिंपांच्या गोदामाला एकेचाळीस पायऱ्या आहेत. सव्वीस वर्षं मी त्या चढतेय. आज तिसाव्या पायरीवर कठडा धरून उभी राहिले, तर मागून साहेब, त्यांच्याबरोबर मुख्य कचेरीतले दोन पाहुणे. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी लिफ्ट बसवून घेऊ का?" पाहुणे हसले. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. या कारखान्यातून जी दारू बाहेर पडते तिची चव मी ठरवते. माझ्या नाकाच्या जोरावर हा माणूस खुर्चीत बसलाय आणि माझ्या पोटावर विनोद करतोय.

खाली आले आणि वजनाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हळू बोलतात, आणि समोरच्याला काही समजत नाही असं धरून बोलतात. आठवड्यातून एकदा पोटात सुई टोचून घ्यायची. भूक मरते, वजन उतरतं. पहिली सुई त्यांनीच दिली, मुंगी चावल्याइतकीसुद्धा दुखली नाही.

त्याआधी दोन पानी कागद भरून घेतला. मधुमेह? काठावर. धूम्रपान? नाही. मद्यपान? नाही.

हे मी एका दमात लिहिलं आणि त्यात खोटं काही नाही. मी कधी कुणाच्या पार्टीत पेला घेऊन बसलेली नाही. सोडा, बर्फ, खारे दाणे, मोठमोठ्याने गप्पा, यातलं काही मला चालत नाही. मी चव घेते. पोस्टमनला कोणी विचारतं का, की रोज एवढी पत्रं येतात, तुम्हाला बरेच नातेवाईक दिसतात? नोकरीच्या रकान्यात "गुणवत्ता तपासणी" लिहिलं. कशाची ते त्यांनी विचारलं नाही.

निघताना म्हणाल्या, "हे औषध चालू असताना दारू टाळायची हं. पोटाला त्रास होतो, साखर एकदम उतरू शकते, स्वादुपिंडावर ताण येतो." मी मान डोलावली. पिणाऱ्यांची मला दयाच आली.

११ मार्च, मंगळवार

वजन ९३.५. भूक खरंच कमी. दुपारचा डबा अर्धा परत आणला.

सकाळी दहाला बारा पेले, दुपारी तीनला बारा. निळ्या काचेचे, म्हणजे रंग दिसून मन फसायला नको. आधी डावी नाकपुडी, मग उजवी. मग एक घोट, जिभेवर फिरवायचा आणि तस्तात थुंकायचा. आणि शेवटी एक छोटा घोट गिळायचा. जीभ लपवते ते घसा सांगतो. हे माझं मी शोधलेलं आहे, पुस्तकात नाही. मास्तर सगळंच्या सगळं थुंकतात. म्हणून तर ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे असून जन्मभर दोन नंबरवर राहिले. त्यांचं अक्षर शाळामास्तरासारखं, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. गुणांचे तक्ते तेच लिहितात, मी सही करते.

मुलीने संध्याकाळी विचारलं, "आई, आज जेवणार आहेस का नुसताच गृहपाठ करणार?" गृहपाठ म्हणजे घरी आणलेली बाटली. उघडलेली बाटली घरच्या हवेत दिवसागणिक कशी बदलते हे बघावं लागतं. सोमवारी आणते, गुरुवारपर्यंत बघून होते. या घराची भिंतसुद्धा त्या कामावर उभी आहे, आणि ही टोमणे मारते. तिच्या वयाची असताना मी माझ्या आईपुढे ब्र काढत नव्हते.

१९ मार्च, बुधवार

वजन ९२.१. दिवसभर मळमळ. सकाळच्या फेरीत आठव्या पेल्याला पोटात असं ढवळलं की बाहेर जावं लागलं. मास्तरांनी पाण्याचा पेला आणून दिला आणि काही विचारलं नाही. त्यांच्या या न विचारण्याचाही मला राग येतो.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, होतं असं सुरुवातीला, थोडं थोडं खा, तेलकट नको. आणि पुन्हा तेच, "दारू घेत नाही ना?" मी म्हटलं, "तुम्हाला एकदा लिहून दिलंय."

२८ मार्च, शुक्रवार

वजन ९०.८. चौथी सुई.

साहेब म्हणाले, "बाई, अर्ध्या झालात!" माझ्या शरीराचा हिशेब ठेवायला यांना पगार मिळतो का? चढले तरी बोलायचं, उतरले तरी बोलायचं.

खरी चिंता वेगळीच आहे आणि ती इथेच लिहिते. गिळवत नाही. घोट घशापाशी आला की पोट नको म्हणतं. आज दोन्ही फेऱ्या नुसतं थुंकून काढल्या, मास्तरांसारख्या. घरची बाटली सोमवारपासून तशीच आहे, दोन बोटंसुद्धा खाली गेलेली नाही. सव्वीस वर्षांची विद्या ही सुई आठवड्याआठवड्याने काढून नेतेय. सतरा एप्रिलला नव्या मालाची अंतिम निवड. पिंपांच्या चार मिश्रणांतून एक निवडायचं आणि ते पुढची दहा वर्षं बाजारात राहणार. माझी सही त्यावर. त्या दिवशी माझा घसा चालला नाही तर लोक म्हणतील म्हातारीचं नाक गेलं.

४ एप्रिल, शुक्रवार

मात्रा वाढवली. दिवसभरात एक सफरचंद आणि वाटीभर सूप.

झोप मात्र गाढ लागतेय, कशी कोण जाणे. मुलगी म्हणाली, "आज तुझा आवाज चांगला लागलाय." आवाजाला काय झालं होतं माझ्या?

१० एप्रिल, गुरुवार

आज मास्तरांवर ओरडले. सगळ्यांच्या देखत.

दुपारची फेरी संपली. त्यांनी तक्ता लिहिला आणि सकाळच्या तक्त्याशेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "बाई, दोन आठवडे झाले. तुमचे दुपारचे गुण सकाळच्या गुणांशी तंतोतंत जुळतायत."

मी म्हटलं, "म्हणजे? आधी जुळत नव्हते?"

ते म्हणाले, "तब्येत चांगली दिसतेय तुमची, एवढंच म्हणायचं होतं."

"मास्तर, मला चव लागत नाहीये. मी अंदाजाने गुण देतेय. आणि तुम्ही म्हणताय चांगलं चाललंय? सव्वीस वर्षं तुम्ही माझ्या शेजारी बसून शिकलात तरी काय?"

तरातरा बाहेर आले. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, खोटं कशाला लिहू. दुपारी मी वेगळे गुण देत असेन तर पेल्यातला माल तेवढ्या वेळात उघडा पडून बदलतो म्हणून देते. हेसुद्धा न कळणाऱ्या माणसाने मला शाबासकी द्यावी!

१६ एप्रिल, बुधवार

वजन ८८.३. ठरवलं. उद्या गिळायचं. पोट काय म्हणायचं ते म्हणो. सकाळी काही खायचं नाही, म्हणजे उलटून पडायला काही नसेल. चारही मिश्रणं, दोन्ही फेऱ्या, पूर्वीसारखी. आणि आज घरी सराव केला. घसा आठवायला पाहिजे ना. पहिला घोट कठीण गेला, नंतर रस्ता मोकळा झाला. बाटली बरीचशी बघून झाली.

मुलगी दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "काय?" म्हणाली, "काही नाही." आणि स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

१७ एप्रिल, गुरुवार

दुपारी साडेचार. टेबलापाशीच लिहितेय. झालं. साहेब, पाहुणे, मास्तर सगळे होते. मी एकही घोट वाया घालवला नाही. तिसरं मिश्रण. छातीठोक सांगितलं आणि सही केली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर खाली बघत होते.

घाम फुटलाय. पोटात वर, मधोमध, काहीतरी पिळतंय आणि पाठीपर्यंत जातंय. उपाशी आहे म्हणून असेल.

२१ एप्रिल, सोमवार

रुग्णालय. हाताला सलाईन, अक्षर वाकडं येतंय.

गुरुवारी घरी पोचले आणि न्हाणीघरात खाली बसले ती उठता येईना. उलट्या थांबेनात. मुलगी कामावरून आली, तिने शेजाऱ्यांच्या मदतीने गाडीत घातलं. स्वादुपिंडाला सूज आहे म्हणतात. चार दिवस तोंडात काही नाही, पाणीसुद्धा आजपासून.

दुखण्यापेक्षा मोठा राग वेगळाच. दाखल करताना तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेता?" मी वेदनेत होते तरी स्पष्ट म्हटलं, "नाही." आणि माझी मुलगी, माझ्या पोटची, माझ्या डोक्यावरून त्यांना म्हणाली, "रोज. मला आठवतंय तेव्हापासून रोज."

डॉक्टर दोघींकडे बघत होते. मी म्हटलं, "ते माझं काम आहे." डॉक्टर म्हणाले, "काय काम?" सांगितलं. ते म्हणाले, "गिळता?" मी म्हटलं, "शेवटचा घोट फक्त." "दिवसाला किती शेवटचे घोट?"

चोवीस. आणि घरचे वेगळे. मी उत्तर दिलं नाही, मुलीने दिलं. बाटल्यांचा सुद्धा आकडा दिला तिने. हिला कसा ठाऊक? कचरा तीच टाकते म्हणून.

सुई बंद. दारू बंद, थेंबसुद्धा नाही, गिळायची नाही आणि तोंडातही धरायची नाही. "पुन्हा असं झालं तर मी खात्री देत नाही," असं म्हणाले डॉक्टर. मी सुईला शिव्या दिल्या. ते म्हणाले, "सुईने त्रास होऊ शकतो काही जणांना. पण सुईवर असताना उपाशीपोटी दिवसभर दारू प्यायलात तुम्ही, बाई. आम्ही दोष वाटत बसत नाही, दोन्ही बंद करतो." प्यायलात. हा शब्द आयुष्यात मला पहिल्यांदा कोणी तोंडावर म्हटला.

२४ एप्रिल, गुरुवार

मास्तर आले होते. स्टुलावर अवघडून बसले. मी विचारलं, "तिसऱ्याचं काम सुरू केलंत?"

म्हणाले, "पहिलं घेतलंय."

"सही तिसऱ्यावर आहे माझी."

"शुक्रवारी सकाळी आम्ही परत बसलो. तिसऱ्यात शेवटी कडवटपणा येतोय, बाई. तुम्ही सकाळच्या फेरीत स्वतःच तसं म्हणाला होतात. दुपारी विसरलात."

मी उठून बसायला गेले, सलाईन ओढलं गेलं. "माझी सही असताना परत बसायला तुम्ही कोण?"

ते खालच्या आवाजात म्हणाले, "दुपारच्या सहीवर माल कधी गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही यायच्या आत आम्ही परत चव घेतो. अकरा वर्षं झाली."

अकरा वर्षं.

"साहेबांना माहीत आहे?"

"त्यांनीच सांगितलं तसं करायला. सकाळचं तुमचं नाक या धंद्यात दुसऱ्या कोणाकडे नाही. ते हातचं घालवायचं नव्हतं." मग म्हणाले, "मधले ते तीन आठवडे मी परत बसलोच नाही. गरजच पडली नाही. मला वाटलं, सुटलो. तुम्हाला सांगणार होतो, तर तुम्ही अंगावर आलात."

मी त्यांना चालते व्हा म्हटलं. गेले. जाताना माझी चादर नीट करून गेले, हे विसरता येत नाही. अकरा वर्षं मी सह्या करत होते आणि ते सगळे मिळून लहान मुलाला खेळण्यातलं स्टिअरिंग द्यावं तशी मला पेन देत होते. कोणाच्याही तोंडाला कुलूप नव्हतं. एकाने तरी सांगायचं!

३० एप्रिल, बुधवार

घरी आले. मऊ भात, उकडलेलं गाजर. वजन ८५. जे मागितलं ते मिळालं, हसावं की रडावं कळत नाही.

मुलीजवळ मास्तरांच्या नावाने खडे फोडले. सगळं सांगितलं. मला वाटलं ती माझ्या बाजूने पेटून उठेल. ती गाजराची सालं गोळा करत होती. म्हणाली, "मग त्यांनी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

तिला उत्तर माहीत होतं आणि मलाही.

मग म्हणाली, "मीही तेच करते, आई. महत्त्वाचं काही असलं की सकाळी सांगते. तू ऐकतेस, लक्षात ठेवतेस, सल्ला पण चांगला देतेस. संध्याकाळी सांगितलं की दुसऱ्या दिवशी तुला आठवत नाही, किंवा भलतंच आठवतं आणि भांडण होतं. म्हणून मी संध्याकाळी सांगत नाही."

मी म्हटलं, उगाच काहीतरी. आणि नंतर अंथरुणात पडून एक एक आठवत गेले. शाळेचे निकाल, सकाळी, माझ्या चहाशेजारी ठेवलेले. पहिली नोकरी लागली ते, मी केस विंचरत असताना. आणि तिचे बाबा. आठ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की या माणसाने संसार मोडायला सकाळी सातची वेळ काढली, दात घासताना, काय हा बेशरमपणा. मला तेव्हा वाटलं होतं की कामावर जायच्या घाईत मला भांडता येऊ नये म्हणून त्याने ती वेळ साधली. त्याला मी शुद्धीत ऐकायला हवी होते. उशी भिजवली मी आज, आणि तरीही सगळ्यांचा राग येतोय. तिघांनी मिळून मला अर्ध्या दिवसाची माणूस करून ठेवली आणि मला पत्ता नाही. नाही, त्यांनी नाही केली. हे लिहायला हात तयार नव्हता, पण लिहिलं.

१९ मे, सोमवार

कामावर पहिला दिवस. नुसतं नाकाने काम करायचं, तोंडाला काही लावायचं नाही, असं लिहून दिलंय. साहेब म्हणाले, "जमेल ना, बाई?" मी म्हटलं, "सकाळचं विचारताय की दुपारचं?" त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कित्येक आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मास्तरांशी बोलले नाही. त्यांनी तक्ता पुढे सरकवला, मी सही केली. दुपारी हात पेला घेऊन आपोआप ओठापर्यंत गेला. मास्तर बघत होते. पेला खाली ठेवताना काच टेबलावर इतक्या जोरात आदळली की तिला तडा गेला. ते म्हणाले, "असू दे, दुसरा आणतो." मी म्हटलं, "मास्तर, उद्या सकाळी मी यायच्या आत परत बसाल का?" ते म्हणाले, "बसेन, बाई. काही महिने तरी बसेन." खरं बोलले. त्यासाठी त्यांना मारावंसं वाटलं आणि त्यासाठीच उद्या मी त्यांच्याशी बोलेन.

२७ मे, मंगळवार

चाळीस दिवस. संध्याकाळ फार लांब असते, हे मला माहीतच नव्हतं. सहा वाजतात, मग किती तरी वेळाने साडेसहा वाजतात. कपाटं आवरली, भांडी घासली, घासलेली परत घासली. कोणी काही बोललं की भडकते. कोणी बोललं नाही तरी भडकते.

आज मुलीची मुलाखत होती. दुसऱ्या गावची नोकरी, मिळाली तर ती जाणार. दिवसभर माझं लक्ष कामात नव्हतं. सात वाजता ती आली. बूट काढले, पर्स टेबलावर टाकली, डोळे लाल होते की काय, नीट दिसलं नाही. मी स्वयंपाकघरात बसले होते. पाण्याचा पेला समोर. केस बांधलेले, साडी बदललेली, मुद्दाम नीट बसले होते.

मी विचारलं, "काय झालं गं मुलाखतीचं?"

ती थांबली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पेल्याकडे. दोन पावलं पुढे आली, आणि मला कळलं की ती वास घेतेय. माझीच मुलगी ती, नाक माझंच आहे. वास काही नव्हता. तिलाही ते कळलं.

तरीही म्हणाली, "दमलेय गं. सकाळी सांगते, आई."

मी शुद्धीत आहे, मी चाळीस दिवस शुद्धीत आहे, असं मला बेंबीच्या देठापासून ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर तिला ती नेहमीचीच संध्याकाळ वाटली असती. म्हणून म्हटलं, "बरं."

उद्याचा गजर साडेपाचचा लावलाय.